सिंदीच्या विहिरीतल्या टोप्या

वर्ध्याला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या वेंगुर्ल्यातले लोक आधी आश्रमाबद्दल विचारतात. मी आश्रम पाहिला नाही. मग कशाला गेला होतात, असं पुढचं विचारणं, आणि मी म्हणते, समुद्रातला एक शिंपला ओळखायला. यावर काही जण हसतात, काही जण माझ्या वयाकडे पाहून गप्प बसतात. वर्ध्यापासून समुद्र किती लांब आहे ते मलाही ठाऊक आहे. तरी गेले होते त्यासाठीच. जे घडलं ते एकदा नीट लिहून काढते, म्हणजे दर वेळी तोंडी सांगताना माझ्याच अंगावर काटा यायचा थांबेल.

आधी त्या प्राण्याबद्दल. खडकाला चिकटून बसणारी, शंकूसारख्या कवचाची एक समुद्री गोगलगाय असते. पुस्तकांत तिला लिंपेट म्हणतात. आमच्या बाजूला तिला धड नाव नाही, कारण ती फारसं कोणी खात नाही. जे पोटात जातं त्यालाच आपल्याकडे बारशाचा मान. मी वर्गात तिला टोपी म्हणायचे. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि ओहोटीला खडकांवर वाकून हिंडते. नव्या माणसाला वाटतं, म्हातारीचं काहीतरी हरवलंय.

माझ्या जुन्या मैत्रिणीने, शैलाने, फोनवर एक फोटो पाठवला. कापसाच्या बोळ्यावर ठेवलेली बारीकशी टोपी. खाली लिहिलं होतं, "आमच्या विहिरीत सापडते. कशाची आहे?" मी चहाचा कप खाली न ठेवता उत्तर दिलं की टोप्या गोड्या पाण्यातही असतात, मसुराएवढ्या, पाणवनस्पतींच्या पानांखाली बसतात, त्यातलीच असणार. लगेच तिचा फोन आला.

"हे फोनवर सांगून भागणार नाही गं. तू ये. एका बाईसमोर बसून तुला हे तोंडाने बोलायचंय."

नालवाडी

शैला आणि मी पूर्वी एकाच कॉलेजात होतो. ती रसायन शिकवायची. मग लग्न झालं आणि ती वर्ध्याची झाली, इतकी की भाजीवाल्याशी बोलताना तिचं 'मला' सरळ 'मले' होतं आणि माझ्याकडे वळली की परत 'मला'. नालवाडीत तिचं घर आहे, पुढे जास्वंद, मागे पेरू. थंडीचे दिवस होते. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पांघरूण ओढून घ्यावं इतकीच. इथे दुपारी सावलीत उभं राहिलं तरी बोटं आखडत होती.

सकाळी तिने पोहे दिले आणि वरून लालभडक तर्री ओतली. मी पोह्यांवर ओलं खोबरं शोधत होते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला मी आणखी तर्री मागितली, आणि शैला म्हणाली, "आता ऐक. रडायचं असेल तर तर्रीच्या निमित्ताने रडून घे."

तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ वामनराव सिंदी रेल्वे नावाच्या गावापासून आत, एका खेड्यात शेती करतात. कापूस, तूर आणि विहिरीवर थोडी संत्र्याची झाडं. त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल मालवाहू जहाजावर नोकरीला लागला होता. त्या गावातून समुद्रावर गेलेला तो पहिलाच. एका रात्री तो कामाच्या पाळीवर गेला आणि सकाळी जहाजावर नव्हता. शोध घेतला म्हणतात. काही सापडलं नाही. त्याला आता काही वर्षं झाली.

"शरीर नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात," शैला म्हणाली. "भाऊजींनी कधीचं ठरवलंय. ताई होऊ देत नाही. पूर्वी म्हणायची, तो येईल. आता म्हणते, येतोय. विहिरीत ह्या टोप्या मिळायला लागल्यापासून."

ताई म्हणजे तिची थोरली जाऊ, इंदूताई. टोपी पहिल्यांदा सापडली तेव्हा इंदूताईंनी ती ओळखली नव्हती. पण असलं काही आपल्या पाण्यात नसतं, हे त्यांचं म्हणणं. मग ते समुद्रातलं. मग ते निखिलने पाठवलेलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी विहिरीत उतरतात.

"विहिरीला पायऱ्या आहेत. आधी वरच्या पायरीवर बसायची. आता कमरेइतक्या पाण्यात उभी राहते, या थंडीत. भाऊजी काठावर बसून असतात. ते म्हणतात, रोज एक पायरी खाली जाते आहे." शैलाने माझी बशी उचलली. "मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलंय. समुद्राकाठच्या जाणत्या माणसाने पाहून सांगितलं की हे आपल्याच पाण्यातलं आहे, तर ती विहीर सोडेल आणि विधी होऊ देईल."

एवढंच ना, असं मला वाटलं. मी भिंग, चिमटा आणि काचपट्टी आणलीच होती. गोड्या पाण्यातल्या टोपीला मीठ लावून समुद्रातली करता येत नाही, मी म्हणाले, आणि स्वतःच हसले. शैला हसली नाही.

सिंदीच्या आत

वर्ध्याहून गाडीने सिंदीला उतरलो. स्टेशनबाहेर कापसाने ठासून भरलेल्या गाड्यांची रांग होती आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले. वामनराव ऑटो घेऊन आले होते. उंच, वाकलेले, बोलताना दुसरीकडे पाहणारे गृहस्थ. माझी पिशवी त्यांनी स्वतः घेतली. "तुमच्या गावाले सकाळ-संध्याकाळ समुद्र दिसते म्हने," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

घराच्या ओसरीवर छतापर्यंत कापूस रचलेला होता. जेवायच्या खोलीतही कापूस. देवघराच्या बाजूला वाट ठेवून पलीकडे कापूस. मी सारखी शिंकत होते. एकच खोली लख्ख रिकामी होती. त्यात खाट, खाटेवर नवी चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. मला वाटलं पाहुण्यांची सोय, आणि मी थकल्यामुळे खाटेवर टेकले.

"तिथं नोका बसू जी," दारातून आवाज आला. रागाचा नव्हता. इंदूताई उभ्या होत्या, ठेंगण्या, केस ओले, नखं पाण्यात राहून पांढरी पडलेली. "ते निखिलची जागा हाय. या, इकडे या, तुमाले सतरंजी टाकते."

मी चटकन उठले. चादरीवर माझ्या बसण्याने सळ उमटली होती ती त्यांनी तळहाताने पुसून काढली.

संध्याकाळी लवकर जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, वांग्याची झणझणीत भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. भाजीला तेल इतकं की आमच्या घरी आठवडा निघाला असता. चार पानं आमची, आणि एक पाचवं, भरलेलं, ज्याच्यासमोर कोणी नव्हतं. आमच्याकडे समुद्रात माणूस गेला की घरचे किनाऱ्यावर जाऊन बसतात, दोन-तीन दिवस वाट पाहतात. मिळालं तर मिळालं, नाही तर रडून घरी येतात. रिकाम्या पाटासमोर वर्षानुवर्षं रोज वाढायचं हे मी कुठे पाहिलं नव्हतं. त्या पानातली भाकर गार होत होती.

गप्प बसवत नाही हा माझा दोष. ओढून आणलेल्या उत्साहाने मी टोप्यांबद्दल बोलू लागले. खडकावरची टोपी कशी, तर भरती आली की आपली जागा सोडून चरायला निघते, आणि ओहोटी लागायच्या आत बरोबर त्याच जागी परत येऊन बसते. तिच्या कवचाची कड त्या दगडाच्या खाचेत चपखल बसते, दुसऱ्या कुठेही नाही. काळोख असो, लाटा असोत, ती वाट चुकत नाही.

इंदूताई वाढता वाढता थांबल्या. "परत येते? त्याच जागी?"

शैलाने बसल्या जागेवरून माझ्या पायाला जोरात ढोसलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. इंदूताईंनी पाचव्या पानातली गार भाकर उचलली आणि गरम वाढली.

विहीर

सकाळी धुकं होतं. तुरीच्या शेतातून विहिरीकडे जाताना दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. वामनराव माझ्याबरोबर चालत होते. विहीर दिसायच्या आधी ते थांबले.

"ताई, एक सांगू का? तुमी फक्त म्हनजा, का हे आपल्या पान्यातलं हाय. जास्त काई बोलू नोका."

"पाहिल्याशिवाय कसं म्हणू?"

"पाहून बी तेच म्हनजा," ते म्हणाले. "नाई तं ते बाई एक दिवस वर येनार नाई."

विहीर मोठी, चौकोनी, काळ्या दगडाची. आमच्याकडच्या विहिरी म्हणजे अंगणातली गोल तोंडं, रहाट आणि कळशी. बायका वरूनच पाणी काढतात. इथे एका बाजूने रुंद पायऱ्या सरळ पाण्यात गेलेल्या. काठाला मोटर आणि संत्र्यांकडे गेलेला पाइप. धुकं विहिरीतही उतरलं होतं. त्यात खाली, छातीच्या थोडं खालपर्यंत पाण्यात, इंदूताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही हात पाण्यावर पालथे ठेवलेले. त्या काही पुटपुटत नव्हत्या, हलत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या.

मी दोन पायऱ्या उतरले आणि मला वास आला.

हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण आला तो आला. ओहोटीनंतर खडकांवर उघड्या पडलेल्या शेवाळाचा वास. हा वास मी झोपेतही ओळखेन, लहानपणापासून तो माझ्या कपड्यांना आहे. मला वाटलं माझ्याच शालीला येतोय. शाल हुंगली, तिला कापसाचा आणि धुराचा वास होता. मी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पाणी गोड होतं. मला भीती वाटली, अगदी साधी.

इंदूताई वळल्या आणि वर आल्या. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, ओठ निळे. मुठीत एक टोपी होती.

"पाहा जी," त्या म्हणाल्या. "आजची."

ओसरीवर, कापसाच्या ढिगाला टेकून, मी काचपट्टी मांडली. इंदूताईंनी स्टीलचा डबा आणला. आत कापसाचा थर, आणि त्यावर टोप्या, सापडल्या त्या क्रमाने ओळीत मांडलेल्या. घरच्या कापसात त्यांनी त्या इतक्या निगुतीने ठेवल्या होत्या की माझ्या संग्रहाची मला लाज वाटली. शैला, वामनराव आणि त्या, तिघंही माझ्यासमोर बसले.

ओळखायचं असं असतं. टोपी उलटी करून आत पाहायचं. प्राण्याचा स्नायू जिथे कवचाला धरून असतो तिथे डाग राहतो. गोड्या पाण्यातलीला सुटे सुटे ठिपके असतात. समुद्रातलीला घोड्याच्या नालासारखी एक अखंड खूण. मी आजची टोपी चिमट्याने उलटी केली आणि भिंग लावलं.

नाल होता. स्वच्छ, पुरा नाल.

मी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. कवच जाडसर, फिक्या मधासारखं, माथ्यापासून कडेपर्यंत गडद रेघा. मी एक टोपी पालथी काचेवर ठेवली. खडकावरची असती तर सपाट बसली असती. ही डुलली. बोट लावलं की पुढे-मागे डुलायची, कारण तिच्या दोन बाजूंच्या कडा खोगिरासारख्या वर उचललेल्या होत्या. लांबट, अरुंद. असं कवच सपाट जागेवर वाढतच नाही. ते गोल काडीला मिठी मारून वाढतं, म्हणजे समुद्रशेवाळाच्या देठाला.

वामनराव माझ्याकडे पाहत होते. पहिल्यांदाच सरळ पाहत होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. शैला सुटली असती, ते सुटले असते, दुसऱ्या गाडीने मीही सुटले असते. पण आयुष्यभर पोरांना सांगत आले की दिसतं ते लिहा, हवं ते लिहू नका. आणि समोरची बाई थंडीने कुडकुडत होती तरी डोळ्यांनी माझ्या तोंडातून शब्द काढून घेत होती. मला खोटं बोलता आलं नाही.

"समुद्रातली आहे," मी म्हणाले.

इंदूताईंनी डोळे मिटले. वामनरावांनी मान खाली घातली.

"पण इंदूताई, ऐका. काल मी सांगितलं ती ही नव्हे. ती खडकावरची. ही शेवाळावर राहते. हिला परतायला जागा नसते. शेवाळाची काडी हीच तिची जागा. वादळात शेवाळ तुटलं की त्याच्याबरोबर वाहत जाते, कुठे जाईल तिथे. ही जात परत येत नाही."

मग इंदूताईंनी विचारलं, "मंग हे काऊन आलं?"

उत्तर वामनरावांनी दिलं.

"म्या टाकलं," ते म्हणाले. "कंपनीनं त्याची बॅग पाठोली होती ना. त्यात कपड्याखाली एक प्लास्टिकची थैली होती. वाळलेलं गवत, तपकिरी. दोऱ्यानं बांधलेलं. तुले दाखवाले आनत असन. मले पाहवलं नाई. गेलेल्याच्या वस्तू घरात ठेवत नाई, पान्यात सोडतेत. नदीले तवा थेंब नव्हता. म्हून इहिरीत सोडलं. तुले सांगतलं नाई."

सुकलेल्या शेवाळाला कवचं चिकटून राहतात, पाण्यात भिजली की एकेक सुटतात. मी हे लगेच समजावून सांगितलं, आणि सांगताना माझाच जीव भांड्यात पडला. शैला रडायला लागली. मला वाटलं इंदूताई आता नवऱ्यावर तुटून पडतील.

त्या फक्त म्हणाल्या, "मले सांगतलं असतं, तं म्या त्या पान्यात मीठ तरी टाकलं असतं." मग डब्याचं झाकण लावलं. "उद्या करा जे करायचं ते. महाराजाले निरोप धाडा."

सगळे उठले. झाकण लागायच्या आधी डब्यातल्या ओळींवर माझी नजर गेली होती, आणि मी तशीच बसून राहिले. पहिल्या ओळीतली पहिली टोपी तिळाएवढी होती. पुढची जरा मोठी, त्याच्या पुढची आणखी जरा. शेवटची, आजची, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. मध्ये एकही चूक नव्हती. त्या मांडणीत इंदूताईंची निवड नव्हती; सापडल्या तशाच त्या ठेवल्या होत्या. सुकलेला जीव वाढत नाही. मी हे कोणाला सांगितलं नाही. शैलाला आजही सांगितलेलं नाही, इथेच वाचेल ती.

पुतळा

दुसऱ्या दिवशी शेताच्या कडेला विधी झाला. पळसाची पानं वामनरावांनी स्वतः तोडून आणली होती. महाराजांनी, म्हणजे तिथल्या भटजींनी, ती जमिनीवर माणसाच्या आकारात मांडली, हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. डोळ्यांच्या जागी दोन कवड्या. आमच्याकडेही हा विधी आहे असं ऐकून होते, पाहिला कधी नव्हता. पानांचा तो माणूस हुबेहूब वगैरे नव्हता, तरी त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं मी टाळत होते.

"ह्या कोनत्या पान्यातल्या?" इंदूताईंनी कवड्यांकडे बोट दाखवून मला हळूच विचारलं.

"समुद्रातल्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि डबा उघडून सगळ्या टोप्या, कापसासकट, पानांच्या छातीवर ठेवल्या. एक तरी ठेवून घ्यावी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. चारचौघांत दाखवण्यासारखा तो एकच पुरावा होता. मी ओठ मिटून घेतले. कापूस भप्पकन पेटला. पानं वेळ घेऊन जळली. इंदूताई शेवटपर्यंत उभ्या होत्या आणि शेवटी मोठ्याने रडल्या, पहिल्यांदाच, असं शैला म्हणाली.

आंघोळी झाल्या, दोन घास खाल्ले. त्या दिवशी चारच पानं वाढली होती. जेवण झाल्यावर इंदूताई नवऱ्याला म्हणाल्या, "एक पोतं मीठ आना. जाड."

ते का, हे वामनरावांना विचारावं लागलं नाही. विहिरीत मीठ पडलं तर संत्र्याची झाडं जातील, हेही त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी ऑटो बोलावला, सिंदीला गेले आणि उन्हं कलायच्या आत पोतं घेऊन आले. तसल्या विहिरीला एका पोत्याने काय होणार, असं माझं शास्त्र मला सांगत होतं. पण ते पोतं खांद्यावर घेऊन तो वाकलेला माणूस पायऱ्या उतरत होता तेव्हा मला ते बोलायची हिंमत झाली नाही. मागे इंदूताई, त्यांच्या मागे मी. चपला वर काढून ठेवल्या होत्या.

पाण्याजवळ वामनरावांनी पोतं टेकवलं आणि दोरी सोडली. मुठीने मीठ उचललं. हात पाण्यावर धरला.

"राहू द्या," इंदूताई म्हणाल्या.

"काऊन? तूच तं म्हनलं."

"झाडं जळतीन." त्यांनी वर पाहिलं. काठावरून संत्र्याची एक फांदी दिसत होती. "तो गेला ना. त्याले आता मीठ काऊन पाह्यजे? घेऊन चला वर."

वामनरावांनी मूठ परत पोत्यात रिकामी केली. दोघांनी पोतं दोन बाजूंनी धरलं आणि वर चढू लागले. इंदूताईंची पाठ विहिरीकडे होती आणि त्या मागे वळून पाहत नव्हत्या. मला भरून आलं. एवढ्यासाठी तर मी इतक्या लांब आले होते.

माझा गुडघा कुरकुरतो, म्हणून मी मागे राहिले. भिंतीला हात लावून पुढची पायरी चढणार, तर ती दिसली.

पायरीच्या कोरड्या दगडावर, पाण्यापासून बरीच वर. लांबट, अरुंद, मधाच्या रंगाची, माथ्यापासून कडेपर्यंत गडद रेघा. डब्यातल्या शेवटच्या टोपीपेक्षा मोठी. खोगिरासारख्या कडेची टोपी सपाट दगडावर बसूच शकत नाही. ही बसली होती. आणि पाण्यापासून तिच्यापर्यंत, पायरीमागून पायरी, एक बारीक ओली रेघ आली होती.

मी वाकून तिच्या कडेला नख लावलं. ती गप्पकन दगडाला आवळून बसली. तिच्यात जीव होता.

"ताई!" वरून इंदूताईंची हाक आली. पोतं खाली ठेवून त्या काठावर थांबल्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. "काई दिसून राह्यलं का जी तिथं?"

मी सरळ झाले आणि माझा अनवाणी पाय तिच्यावर ठेवला, ती पुरती झाकली जाईल असा.

"काही नाही," मी म्हणाले.

"मंग या ना वर. चहा मांडते."

"आले," मी म्हणाले, आणि त्या वळून घराकडे चालायला लागेपर्यंत तशीच उभी राहिले. पायाखाली ती आणखी घट्ट होत होती.